अर्ध्या शेराचा देव

आनंदराव मेश्रामांनी नोकरीच्या अकरा वर्षांत नऊ माणसांचे आवाज खाली ओढले होते, आणि नऊच्या नऊ जणांनी जाताना त्यांच्याकडचा चहा पिऊन त्यांचे आभार मानले होते.

यात चमत्कार काही नव्हता, कामाची रीतच तशी होती. सिव्हिल लाइन्समधल्या त्या रेडिओ केंद्रावर जो कोणी बोलायला येई, त्याला आपलं भाषण आठ दिवस आधी लिहून द्यावं लागे. ते कागद वर साहेबांकडे जात, तांबड्या पेन्सिलीखालून निघत आणि शिक्का घेऊन खाली येत. वक्त्यानं शिक्क्याचा कागद समोर धरायचा आणि त्यावर आहे तेवढंच वाचायचं. काचेच्या पलीकडे वक्ता, अलीकडे बूथमध्ये ड्युटीवरचा माणूस. त्याच्यापुढे त्याच कागदाची दुसरी प्रत आणि हातात पेन्सिल. वक्ता वाचेल तशी पेन्सिल ओळीओळीनं सरकते. वक्ता कागद सोडून बोलू लागला, तर दोन वाक्यं वाट पाहायची. माणूस आहे, अडखळतो, भरकटतो, परत येतो. तिसऱ्या वाक्याला मात्र डाव्या हातानं आवाजाची मूठ खाली फिरवायची आणि उजव्या हातानं तबकडीवर सुई टेकवायची. गावाला सतार ऐकू येते. स्टुडिओतला तांबडा दिवा तसाच जळत राहतो आणि वक्ताही बोलत राहतो. त्याला कोणी अडवायचं नाही, खूण करायची नाही. त्याचं संपलं की दार उघडायचं, "छान झालं" म्हणायचं, चहा पाजायचा आणि फाटकापर्यंत पोचवून यायचं. पाहुण्याचा अपमान होऊ नये, हा त्यामागचा विचार.

नववा होता नरखेडकडचा धोंडबा. ७६ सालचा दसरा होऊन गेला होता, आणीबाणीचं दुसरं वर्ष चालू होतं. धोंडबा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात संत्र्याच्या बागेला पाणी कसं द्यावं ते सांगायला आला होता. दीड पान त्यानं शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचलं, मग मान वर केली आणि म्हणाला, "पाण्याचं झालं, आता आमच्या गावच्या दोन पोरायचं सांगतो. त्यायचं लगन बी नव्हतं झालं, आन मास्तरनं शिबिरात नेऊन त्यायची नसबंदी करून आनली." एवढी दोन वाक्यं गावागावात गेली. पुढची चार मिनिटं सतार वाजली. बोलून झाल्यावर धोंडबाच्या चेहऱ्यावर अशी काही शांतता होती, की आनंदरावांना त्याच्याकडे पाहवेना. त्यानं दोन कप चहा घेतला, संत्र्यांची थैली टेबलावर ठेवली आणि एसटीनं गावी गेला. आठवड्यानं त्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: साहेब, मी बोललो ते कुठे गेले?

आनंदरावांनी कार्ड खणात टाकलं. संत्री तोवर संपली होती.

आता असा माणूस वाईट म्हणावा, तर आनंदराव वाईट नव्हते. इंदोऱ्याच्या गल्लीतून सरकारी खुर्चीवर बसलेले ते पहिले. शर्टाची घडी मोडणार नाही अशा बेतानं बसत, वेळेआधी येत, वेळेनंतर जात. केंद्रावरच्या चहाच्या टेबलाशी पोचायला मात्र त्यांना चार वर्षं लागली. म्हणजे चहा पहिल्या दिवसापासून मिळत होता, फक्त तो त्यांच्या टेबलावर आणून ठेवला जाई. मोठ्या टेबलाभोवती जे सातआठ जण बसत, त्यांच्यात खुर्ची सरकवून जागा व्हायची तर काही तरी घेऊन जावं लागतं. कोणी मंत्र्यांच्या घरच्या बातम्या आणी, कोणी सासरचा चिवडा. आनंदरावांनी एके दिवशी एक गोष्ट नेली. लोक हसले. खुर्ची सरकली.

गोष्ट त्यांच्या आईची, जिजाबाईंची होती. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मेश्रामांचं बिऱ्हाड काटोलजवळच्या खेड्यात होतं. घरोघरचे देव टोपलीत भरून नदीवर गेले. जिजाबाईंनीही टोपली भरली, पण वाटेत त्यातला एक शेंदूर फासलेला दगड त्यांनी उचलून परत आणला. नवरा म्हणाला, "काहून वं, जीव नाही सुटत का देवावरचा?" जिजाबाई म्हणाल्या, "जीवाचं नाही. हा अर्धा शेर भरते." राखेनं घासून त्यांनी शेंदूर काढला, आणि पुढं दोनतीन वर्षं, किलो येईपर्यंत, काटोलच्या बाजारात त्या दगडानं चिंच तोलून विकली. "त्याले फेकला नाही म्या, कामाले लावला," असं त्या सांगत. ही गोष्ट इंदोऱ्यात शंभर वेळा सांगून झाली होती आणि शंभरही वेळा सगळी गल्ली हसली होती. मोठ्या टेबलावरही लोक हसले. हसणं निराळं होतं, हे आनंदरावांना तेव्हाच जाणवलं होतं. पण खुर्ची मिळाली होती.

त्या दिवशी टेबलावर सर्वांत जास्त हसले ते चंद्रभान गुरुजी. हे निवृत्त मास्तर, केंद्राचे लाडके वक्ते. दर गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटं त्यांचं 'बाजारची माणसं' चाले. कधी तेली, कधी कोष्टी, कधी बांगडीवाला. गुरुजी प्रत्येकाची अशी नक्कल करत, की ज्याची केली तोही हसल्याशिवाय राहत नसे. निदान गुरुजींना तसं वाटे. ज्यांची केली त्यांच्यापैकी कोणी कधी केंद्रावर आला नव्हता, तेव्हा विचारणार कोणाला.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी गुरुजींचा शिक्क्याचा कागद बोलायच्या वीस मिनिटं आधी आनंदरावांच्या हातात आला. तिसऱ्या पानावर ती बाई होती. काटोलचा बाजार होता, चिंच होती, दगड होता. शेवट गुरुजींनी आपल्या पदरचा जोडला होता: 'बाईनं देव बदलला, पण काटा मारायची सवय काही बदलली नाही. आज तिची मुलंबाळं मोठमोठ्या खुर्च्यांवर बसली आहेत. खण उघडून पाहा, तो अर्धा शेर तिथंही सापडेल.'

आनंदराव कागद घेऊन वर गेले. मारोतराव साहेब, केंद्राचे प्रमुख, नख कापत बसले होते.

"साहेब, तिसरं पान जरा."

"काय आहे तिसऱ्या पानात?"

"हे बरोबर नाही वाटत."

"जातीचं नाव आहे का कुठे?"

"नाही."

"धर्माचं?"

"नाही."

"सरकारवर टीका?"

"नाही साहेब."

"मग नियमात काय बसत नाही ते सांगा." साहेबांनी दुसरं बोट घेतलं. "कोणाबद्दल आहे हे, मेश्राम? तुम्ही ओळखून राहिले का त्या बाईला?"

या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की गुरुजींपर्यंत गोष्ट पोचली कशी. आनंदराव म्हणाले, "नाही. बाजारातली कोणी बाई आहे."

"मग होऊन जाऊ द्या. लोकांना हसायला काही राहिलं आहे का आजकाल?"

गुरुजींनी कागदावरचं अक्षर सोडलं नाही की वर एक घातलं नाही. आनंदरावांची पेन्सिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुठेही न थांबता सरकली. नऊ मिनिटं पन्नास सेकंद. असा शिस्तीचा वक्ता केंद्राला दुसरा नव्हता. बाहेर आल्यावर गुरुजींनी चहाचा कप घेत आनंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "माल तुमचाच बरं का, मेश्राम. दुकान तेवढं माझं."

इंदोऱ्यात गुरुवारी शेजारच्या रंभाबाईच्या ओट्यावर रेडिओ लागत असे. आनंदरावांची ड्युटी आहे म्हणून गल्ली मुद्दाम ऐके. जणू रेडिओतून जे काही येतं ते आनंदरावच पाठवतात. त्या रात्री ते सायकल हातात धरून गल्लीत शिरले, तेव्हा ओट्यावर सारे बसलेले होते आणि रेडिओ बंद होता. कोणी "आला का गा" म्हटलं नाही. घरात जिजाबाईंनी ताट वाढलं, समोर बसल्या, भाकरी मोडून दिली. हात धुवायला पाणी घालताना म्हणाल्या, "वजन बरोबर होतं आनंदा."

"मले माहीत आहे, माय."

"तुले माहीत आहे, हे मले माहीत आहे."

त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही, आणि आनंदरावांना ती रात्र निभावून गेल्यासारखी वाटली.

सकाळी गल्लीतली पोरं केंद्रावर जाऊन काचा फोडायच्या गोष्टी करत होती. पोलिसांना तेव्हा कारण लागत नसे, आणि इथं तर कारण आयतं मिळणार होतं. जिजाबाई दारातून म्हणाल्या, "दगड माझा आहे. कोणाले मारायचा, का नाही मारायचा, ते मी पाहीन. त्या मास्तरनं तोंडानं म्हटलं, मी तोंडानं सांगीन. मले बोलू द्या म्हणा त्या पेटीत, पाच मिनिटं." रंभाबाईनं एका शिकलेल्या पोराला बसवून अर्ज लिहवून घेतला. खाली त्रेसष्ट सह्या आणि एकशे चौदा अंगठे.

एकशे सत्त्याहत्तर माणसांचा कागद पाहून मारोतराव साहेबांना घाम फुटला. अर्ज फेकावा, तर हे लोक फाटकाशी येणार. आणि आले, तर वर प्रश्न विचारला जाणार की या माणसाच्या केंद्रावर असंतोष झालाच कसा. आधीच्या महिन्यात दोघांना वेळेआधी घरी बसवल्याची चिठ्ठी आली होती. साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि आनंदरावांना बोलावलं.

"बोलू द्या बाईंना. शोभाताईंच्या महिलांच्या कार्यक्रमात. बुधवारी दुपारी. पाच मिनिटं. विषय, बाजारहाट करताना घ्यायची काळजी."

"पण साहेब, त्यांना तर उत्तर द्यायचं आहे."

"मग देऊ द्या ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो? फक्त कशाचं उत्तर आहे, ते त्यात यायला नको." साहेबांनी अर्जावरचं पहिलं नाव वाचलं. "जिजाबाई मेश्राम. कोण या तुमच्या?"

"आई."

साहेबांनी अर्ज खाली ठेवला. सगळी गोष्ट त्यांना त्या एका शब्दात कळली असावी, कारण त्यांनी आवाज एकदम मऊ केला. "मग चांगलंच झालं. कागद तुम्हीच लिहून आणा. आणि बुधवारी बूथमध्ये तुम्हीच बसा. घरचा माणूस असला म्हणजे मलाही काळजी नाही. टेपवर आधी घेतलं असतं, पण टेपा सगळ्या मंत्र्यांच्या भाषणांसाठी ठेवाव्या लागून राहिल्या. थेटच होऊ द्या."

आनंदरावांनी आईला समोर बसवून दोन पानं लिहून घेतली. ती वर गेली आणि एक पान होऊन खाली आली. पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या खेपेला शिक्का पडला. जिजाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून रात्री कंदिलाशी बसून आनंदराव एकेक ओळ म्हणत आणि त्या मागून म्हणत. नमस्कार भगिनींनो. भाजी ताजी पाहून घ्यावी. चिंच घेताना चिंचोके किती आहेत ते पाहावं. वजन डोळ्यांसमोर करून घ्यावं. जुनी शेराची मापं आता बंद झाली आहेत.

दोनदा म्हणून झाल्यावर जिजाबाई थांबल्या. "याच्यात मी कुठं आहे गा?"

"माय, एवढंच मिळते. हे तरी मिळालं."

"असं." त्यांनी पुन्हा म्हणायला सुरुवात केली. पाठांतर त्यांचं पक्कं होतं.

"कागदावरचंच बोलशील ना वं, माय?"

"नाही बोलली त काय होते?"

आता खरं म्हणजे सांगायला हरकत नव्हती. तांबडा दिवा, सतार, धोंडबाचं पोस्टकार्ड, सगळं दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं होतं. आनंदराव म्हणाले, "माझी नोकरी जाईन."

जिजाबाईंनी मान डोलावली आणि चिंचोक्यांवरून पुढं गेल्या.

बुधवारी त्या सायकलरिक्षानं आल्या, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. शोभाताईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, मायक्रोफोन त्यांच्या तोंडाशी वाकवला आणि आपण शेजारी बसल्या. काचेतून जिजाबाईंनी मुलाला पाहिलं. बारा वाजून तीस मिनिटांना तांबडा दिवा लागला.

नमस्कार भगिनींनो. आवाज स्वच्छ येत होता, जरा गावठी, पण कुठे कापरा नाही. पेन्सिल सरकू लागली. भाजी झाली, चिंच झाली, चिंचोके झाले. तबकडीवर सतार लावून ठेवली होती, नेहमीसारखी. आनंदरावांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. वजन डोळ्यांसमोर करून घ्यावं, इथं पेन्सिल आली आणि जिजाबाई थांबल्या. एक श्वास गेला. शोभाताईंनी त्यांच्या कोपराला हळूच हात लावला.

"काटोलच्या बाजारातली ते दगडवाली बाई मीच होय," जिजाबाई म्हणाल्या.

एक वाक्य. आनंदरावांचा डावा हात मुठीवर होता, पण मूठ हलली नव्हती. पुढं कितीही दिवस त्यांनी हे स्वतःला सांगितलं, की त्या क्षणी आपण हात काढूनच घेणार होतो. साहेब, नोकरी, शर्टाची घडी, सगळं जाऊ द्या म्हणून. खरं असेलही.

"आन हे गोष्ट त्या मास्तरले कोणं सांगितली, ते बी मले..."

मूठ फिरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा आनंदरावांनी दोन वाक्यं वाट पाहिली नाही. दुसरं पुरंही होऊ दिलं नाही. सुई टेकली, सतार सुरू झाली. शोभाताईंनी काचेतून एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. कानावरच्या हेडफोनमध्ये मात्र स्टुडिओतला आवाज थेट येत होता. तो काढून ठेवता आला असता.

"...मालूम आहे. माझ्या पोरानं सांगितली. त्याच्यावर माझा राग नाही बाप्पा. साहेब लोकायच्या संगं चहाले बसाचं, म्हणजे काही तरी द्या लागते. आमच्याजवळ द्याले होतं काय? हसू होतं, ते देल्लं त्यानं. माझं देल्लं, त्याचं काय. मायचं लेकराचंच असते.

"पण गुरुजी, तुमी म्हटलं का बाईनं काटा मारला. तुमी त हिशेबाचे मास्तर. तुमी मोजाले पाह्यजे होतं. म्या तो दगड पयले सेठच्या दुकानात नेला, ओमप्रकाश सेठच्या. त्याच्या अर्ध्या शेरासंगं ठेवला काट्यात. माझा दगड खाली गेला आन सेठचं लोखंड वर. म्या म्हटलं, दगड जास्त भरते, आपलं नुकसान होईन. मंग तहसीलातल्या सरकारी वजनासंगं मोजला. त दगड बरोबर. गुंजभर इकडं नाही का तिकडं नाही. मंग काटा कोण मारत होतं, ते तुमीच काढा. सेठले सांगतलं, त सेठ म्हणे, तुह्या दगडाले कोण पुसते. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मले दुकानासमोर बसू नाही देल्लं."

हा शेवट आनंदरावांना तोंडपाठ होता. इंदोऱ्यात गोष्ट इथंच संपे आणि खरं हसू इथंच येई. केंद्रावरच्या मोठ्या टेबलावर त्यांनी तो कधी सांगितला नव्हता. तिथं गोष्ट त्याच्या आधीच, 'कामाले लावला'पाशी संपवायची, हे त्यांना पहिल्याच दिवशी कोणी न सांगता कळलं होतं. गुरुजींनी शेवट आपल्या पदरचा जोडला, कारण तिथं जागा रिकामी सापडली.

"तो दगड देव होता तेव्हा बी अर्धा शेर होता," जिजाबाई सांगत होत्या, "आन शेंदूर काढला तेव्हा बी अर्धा शेरच भरला. अजून घरी आहे, दाराले लावतो आमी. तुमाले मोजून पाहाचा असन, त या इंदोऱ्याले. काटा घेऊन या. चहा पाजीन. बस, एवढंच. नमस्कार भगिनींनो."

सतार आणखी दहा सेकंद वाजली. आनंदरावांनी मूठ वर केली, शोभाताईंनी आवाज सावरून पाककृती सुरू केली. लॉगबुकात आनंदरावांनी लिहिलं: वक्त्याचा आवाज अस्पष्ट. पर्यायी संगीत, दोन मिनिटे दहा सेकंद. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. मग दार उघडलं.

"छान झालं," ते म्हणाले. दुसरं काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं.

जिजाबाईंच्या चेहऱ्यावर धोंडबाची ती शांतता होती. मोठ्या टेबलाशी त्यांना बसवलं, चहा आला. मारोतराव साहेब स्वतः खाली उतरले आणि "आजी, फार व्यवस्थित बोललात" म्हणाले. म्हणजे साहेबांच्या खोलीतल्या रेडिओवर सतार व्यवस्थित ऐकू आली होती. जिजाबाईंनी बशीत ओतून सगळा चहा प्यायला, कप धुवायला कुठं ठेवू विचारलं, आणि सर्वांचे आभार मानले.

दहा.

आनंदरावांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि आईबरोबर रिक्षात बसले. सदर गेलं, मंगळवारी गेलं. कडबी चौकापर्यंत जिजाबाई एकट्याच बोलत होत्या. "मले वाटलं तू मधीच उठून येशील. तुह्या नोकरीचं मनात आलं मह्या. पण म्हटलं, पोरगं काचेतून पाहून राहिलं आन काही म्हणत नाही, म्हणजे त्याची बी मर्जी आहे." आनंदराव रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहत राहिले. गल्ली जवळ येत होती आणि गल्लीत रेडिओ होता.

रंभाबाईच्या ओट्यावर सारे जमले होते. सर्वांनी सतार ऐकली होती, आणि सतारीचा अर्थ न कळण्याइतकं तिथं कोणी लहान नव्हतं. पण रिक्षा दिसण्याआधी रंभाबाईनं सर्वांना बजावून ठेवलं होतं, की म्हातारीच्या तोंडावरचा उजेड पाहा आणि ज्याला खरं बोलायचं असेल त्यानं घरात जावं. आनंदरावांकडे कोणी पाहिलं नाही. जिजाबाईंना हात धरून उतरवलं.

"लय बेस बोलली वं, जिजाबाई," रंभाबाई म्हणाली. "जरा बी अडकली नाही."

"ऐकू आलं ना?"

"आलं त."

"सारंच?"

"अक्षर न अक्षर."

जिजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. आयुष्यभर बाजारात बसलेली बाई; समोरचा भाव खरा सांगतो की खोटा, हे ओळखण्यावर तिची चूल पेटली होती. त्या ओट्यावर टेकल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आन ते पाटलाच्या विहिरीचं? म्या म्हटलं, मले पाणी नव्हते भरू देत, ते? ते नीट आलं का?"

"आलं न वं," रंभाबाई म्हणाली. "ते ऐकून त आमच्या डोळ्याले पाणी आलं." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

विहिरीचा चकार शब्द जिजाबाईंनी काढला नव्हता. हे त्या गल्लीत दोघांनाच ठाऊक होतं.

जिजाबाईंनी एकदा बंद रेडिओकडे पाहिलं. मग आनंदरावांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता.

"तुले आलं असन ना गा ऐकू?"

"आलं, माय."

"सारं?"

"सारं."

"इकडं कुठपासून नाही आलं?"

आनंदरावांनी सांगितलं, "गोष्ट कोणं सांगितली म्हणून तू म्हटलं, तिथून."

जिजाबाईंनी मान डोलावली. गिऱ्हाइकानं शेवटी खरा भाव सांगितला की डोलावत तशी. गुडघ्यावर हात रेटून उठल्या. आपल्या घराच्या दाराला लावलेला दगड त्यांनी पायानं बाजूला सारला आणि उंबऱ्यात थांबल्या.

"चहा चांगला होता गा तुमच्या हापिसातला," त्या म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.